दांडाच्या टोकाचे सहा वाफे

सुमे, कागदावरच का होईना, पण इकडे ये. जवळ बस. पाहुणीसारखी उंबऱ्यावर नको बसू. परवा आली, तुह्या वर्गात काय शिकवायचं त्याची टाचणवही दाखवली, अन टांगा उभा आहे म्हणून पाणीही न पिता पळाली. असं करते काय वं कोणी आत्याच्या घरी? मी वही पाहून गप्प राह्यली, तं तुले वाटलं आत्याले आवडली. आवडली नाही. ती तू कोण्या मास्तरची जशीच्या तशी उतरून आणली, हे मले पहिल्या पानावर समजलं. सोमवार ते शुक्रवार वाचन. शनिवारी लेखन, 'वेळ उरल्यास'.

वेळ उरल्यास! हे ज्यानं पहिल्यांदा लिहिलं त्याले स्वतःले मात्र लिहायले वेळ सापडला, पाह्य.

तोंडानं सांगतलं असतं तं तू मधातच "हो आत्या, हो आत्या" केलं असतं. म्हणून कागद घेतला. कागदाले मधात तोडता येत नाही. वाच.

मी सोळा वर्षांची असन. माहं पहिलं लेकरू जाऊन महिनाही झाला नव्हता. अंगात ताप, उभी राह्यली की डोळ्यापुढं अंधारी, अन तरी रोज मळ्यात खुरपं घेऊन बसायचं. मले माहेरी जायचं होतं. एवढंच. तुह्या बापानं शेलूबाजाराहून गाडी घेऊन यावं, मले न्यावं, अन दोन महिने मी मायच्या जवळ नुसतं पडून राहावं. त्यासाठी चिठ्ठी धाडायले पाहिजे. अन आमच्या गावात चिठ्ठी लिहिणारा एकच, देशमुखाचा कारकून. ज्याले चिठ्ठी पाहिजे त्यानं टोपलंभर भाजी घेऊन ओसरीच्या खाली उकिडवं बसायचं अन वर पाहत राहायचं.

सासू मले घेऊन गेली. टोपल्यात वांगे, मेथीच्या अन हिरव्या सांबाराच्या जुड्या. कारकुनानं आधी टोपलं पाह्यलं, मग आमाले. ओसरीच्या काठाशी त्याचं बुटकं मेज. मागं गादीवर देशमुख, तेव्हा जवानच होता, नुकताच बाप जाऊन कारभार हातात आलेला. सुपारी कातरून राह्यला होता.

"हं, सांगा," कारकून म्हणाला. मले नाही, सासूले.

मीच उठून मेजापाशी गेली अन बोलली. "दादा, लिहा. लेकरू गेलं. मले बरं नाही. गाडी घेऊन ये. मले घेऊन जाय."

कारकुनानं सासूकडं पाह्यलं. सासूनं देशमुखाकडं पाह्यलं. देशमुखानं अडकित्ता खाली ठेवलाही नाही.

"पोरीबाळी माहेरी जाऊन बसल्या तं भाजी कोण खुडते? लिहा, सर्व खुशाल."

बोरू करकरायले लागला. आता इथं तुले एक गोष्ट सांगायले पाहिजे, नाहीतं पुढचं समजणार नाही.

मी वाचायले शिकली होती ते उलटं. खरंच उलटं. लहानपणी तुह्या बापापुढं पुस्तक असे, अन मी त्याच्या समोर बसून शेंगा सोले. तो मोठ्यानं वाचे, बोट फिरवे, मी समोरून पाहे. अक्षरं मले डोक्यावर उभी दिसत, तशीच माह्या मनात बसली. एकदा गावच्या पंतोजीनं गंमत म्हणून माह्या हातात पुस्तक दिलं, तं मी ते फिरवून धरलं अन वाचायले लागली. सारी शाळा हसली. पंतोजी तं पोट धरून हसला. हसण्याच्या गलबल्यात कोणाले ऐकूच आलं नाही की मी बरोबर वाचत होती. मोठे लोक असेच असतात, सुमे. हसायचं झालं की कान बंद करून घेतात.

तं आता पाह्य. कारकून वर मेजापाशी, मी खाली त्याच्या समोर उभी. कागद त्याच्याकडून सुलटा, माह्याकडून उलटा. म्हणजे माह्यासाठी अगदी घरचा. तो लिहीत गेला अन मी वाचत गेली. 'येथील सर्व मंडळी खुशाल. चिंता नसावी. कामाचे दिवस असल्याने गाडी पाठवू नये.'

माहं लेकरू त्या कागदात नव्हतंच. ते जसं काही झालंच नव्हतं.

"असं म्या नाही सांगतलं," मी म्हटलं.

"काय नाही सांगितलंस?"

मी पूर्ण वाचून दाखवलं. शब्द न शब्द. कारकुनाचा बोरू तसाच हवेत. सासूनं पदर तोंडाले लावला. अन देशमुख हसला. उठून आला, कारकुनाच्या हातातला बोरू काढला, माह्यापुढं धरला.

"वाचता येते व्हय तुले? मंग लिही. तुह्याच हातानं लिही काय पाहिजे ते. कारकून, द्या हिले कागद."

मी बोरू धरला. खुरपं धरतात तसा मुठीत. मले 'भाऊ' लिहायचं होतं. तो शब्द मले दिसत होता, सुमे, डोळ्यापुढं लख्ख. पण हात अन तो शब्द यांची ओळखच नव्हती. शाईचा एक मोठा डाग पडला. त्याच्यावर दुसरा. ओसरीवर दोन-चार जण बसले होते, ते खो-खो हसले. कोणी म्हणालं, "वांगंच काढलं हिनं!"

देशमुख म्हणाला, "वाच, वाच. वाचायले कोण मना करते? पोथी वाच, पुण्य लागन. लिहिनं तुह्या हातचं काम नाही."

टोपलं ठेवून घेतलं. चिठ्ठी गेली. तुह्या बापानं ती वाचली अन तो निश्चिंत झाला. दीड वर्षानं आला, लाडू घेऊन, अन दारातूनच म्हणाला, "खुशाल ना वं?" त्याचा दोष नाही. त्यानं जे लिहिलं होतं ते वाचलं. पण मी त्या दिवशी ओसरीखालून निघाली तेव्हा एक गोष्ट पक्की समजली. मले नुसतं वाचता येते म्हणजे काय, तं माह्याबद्दल दुसऱ्यानं लिहिलेलं खोटं मले चांगलं समजते. बस्स. तेवढीच माही इद्या. ज्याले एकही अक्षर येत नाही तो तरी सुखानं झोपतो.

अन हेच त्याले पाहिजे होतं. देशमुख काही मूर्ख नव्हता, भित्रा होता. गावभर बाया पोथी वाचायले शिकल्या तं त्याले चालत होतं. उलट त्यानं देवळात पोथ्या वाटल्या, मोठा दानशूर म्हणवून घेतलं. वाचणारी बाई मान खाली घालून बसते, पाहाले गोड दिसते. लिहिणारी बाई काय करन याचा त्याले भरोसा नव्हता.

पुढं साथ आली अन माहा मालक गेला. घरात मी अन सासू. दोघींचा एक मळा, एक विहीर, दोन बैल, एक मोट. मी लिहायले तिथं शिकली. पाटी नव्हती, अन विकत आणली असती तं गावभर बोभाटा झाला असता. वाफ्याले पाणी दिल्यावर ते जिरतं, अन मग मातीले वाफसा येतो. धड ओली नाही, धड सुकी नाही, बोट लावलं तं बोटाले चिकटत नाही. त्या वेळी मातीवर गाळाची एक साय असते. तिच्यावर काडीनं ओढलेली रेघ अशी उमटते की बोरूनं उमटणार नाही. विहिरीचं पाणी वाफ्यांले नेणाऱ्या दांडाच्या अगदी टोकाले आमचे सहा वाफे होते. तिथवर पाणी पोचता पोचता जीव टाके, म्हणून पीक धरत नसे. त्या सहा वाफ्यांत मी रोज पऱ्हाटीच्या काडीनं लिही. जे तोंडानं म्हणे तेच लिही, जे लिही तेच परत वाची. चार महिन्यांत हाताची अन डोळ्याची ओळख झाली. पहिला पुरा शब्द 'भाऊ' लिहिला. तेव्हा त्याले कळवायचं काही उरलं नव्हतं, ते सोड.

सासू पाही अन बडबड करे. "बिनपिकाच्या वाफ्याले पानी! अक्षरं उगवतीन व्हय वं? बाजारात काय जुड्या बांधून इकशील?"

मी म्हणे, "विकीन. मालेगावच्या बाजारात सांबाराच्या शेजारी मांडीन."

मग एक दिवस, काहीच विषय नसताना, ती म्हणाली, "त्या दिवशी ओसरीवर म्याच मान हालवली होती. कामाले माणूस नव्हतं." एवढंच. माफी वगैरे काही नाही. पण त्या दिवसापासून टोकाच्या वाफ्यांले पाणी तीच सोडे.

काही वर्षांनी जिल्ह्याच्या बोर्डानं गावात पोरींचा वर्ग मंजूर केला. बाई कोणी मिळेना. पोरांच्या शाळेचे गुरुजी माह्या दारात आले. हे गुरुजी म्हणजे मान हलवण्यात हुशार माणूस. देशमुख बोलायच्या आधीच यांची मान हलत असे. म्हणाले, "बाई, तुमाले वाचता येते. देशमुखसाहेबांनी कबूल केलं आहे. पण त्यांचं म्हणणं, पोरींले वाचन तेवढं शिकवावं. पाट्या पोरांच्या आहेत, त्या कपाटात राहतीन."

मी "बरं" म्हटलं. खोटं बोलली म्हण. मले त्याचं आजही काही वाटत नाही.

अकरा पोरी आल्या. आता आखणी करायची होती. अन ही आखणीच तुले सांगायची आहे, बाकी सारं त्याच्या आगंमागं आहे.

गुरुजींचं पुस्तक मी आणलं अन पहिल्याच दिवशी मिटलं. ज जहाजाचा. आमच्या नदीत उन्हाळ्यात म्हैस बसली तं तिची शेपटी भिजत नाही, अन जहाज! पोरी मले विचारत, "बाई, जहाज कोणत्या झाडाले लागते?" बाराखडी सहा महिने घोकायची, मग शब्द, मग वाक्य, मग कधीतरी अर्थ. तोवर पोरीचं लग्न होऊन जाय.

मी म्हटलं, पोरी जे बोलतात तेच वाचायचं. पहिली आखणी अशी केली की आधी तीन पाळ्या वाचन, मग तीन पाळ्या लेखन. पाळी म्हणजे पाण्याची पाळी, सहा दिवसांची. सकाळी देवळाच्या ओट्यावरच्या खोलीत मी भिंतीवर कोळशानं त्यांचं बोलणं लिही अन त्या वाचत. तीन पाळ्या झकास गेल्या. पोरी धडाधड वाचत. गुरुजींनी मान हलवली. चौथ्या पाळीले मी त्यांले दिवस कलल्यावर मळ्यात नेलं, हातात काड्या दिल्या, अन गोदी नावाच्या पोरीनं काडी मुठीत धरली. खुरपं धरतात तशी.

मी माह्याच हातानं अकरा पोरींचे तसेच अकरा हात तयार केले होते, वाचणारे डोळे अन मुका हात. ते काम देशमुखाचं होतं, अन मी ते त्याच्यासाठी फुकटात करून राह्यली होती.

त्या दिवशी ती आखणी मी मोडली. नवी केली, सहा पाळ्यांचीच, ती अशी. सकाळी पोर जे बोलन ते भिंतीवर चढन, साऱ्याजणी वाचतीन. त्याच दिवशी, शनिवारी नाही, त्याच दिवशी दिवस कलल्यावर तोच शब्द वाफ्यात लिहायचा. दुसऱ्या दिवशी आपला वाफा वाचायचा नाही. आपलं लिहिलेलं आपल्याले काय, पाठच असतं. दुसरीचा वाचायचा. तिले कुठं समजलं नाही ते तिनं बोट ठेवून विचारायचं, अन लिहिणारीनं तिथंच सुधारायचं. अन एक कायदा. ज्यानं वाचलं त्यानं जबाब लिहायचा, शेजारच्या वाफ्यात. नुसतं वाचून कोणी उठायचं नाही. सहाव्या दिवशी पाणी येन, सारं धुऊन जान, वाफा कोरा. म्हणजे पाणी यायच्या आत वाचायचं अन पाणी यायच्या आत जबाब द्यायचा. पोरी काय धावत, सुमे! त्यांले सांगावं लागलं नाही. पाणीच घड्याळ होतं.

पहिल्या पाळीले घरातल्या वस्तू. दुसरीले माणसं. मग आज काय झालं ते. मग प्रश्न. पाचव्या पाळीले मी म्हटलं, आता चिठ्ठी. कोणालेही लिहा, पण खरं लिहा. 'खुशाल' हा शब्द माह्या वर्गात लिहायचा नाही.

सासू बांधावर बसून ऐके. म्हणाली, "अन खरोखरच खुशाल असन तं?"

"तं लिहायची गरज काय?"

"हेही खरं," ती म्हणाली, अन तंबाखू मळायले लागली.

त्याच पाळीत मोट फाटली. चामडं जुनं होतं, सोंडेपाशी उसवलं. मोट शिवायले मालेगावले गेली अन तिथं नऊ दिवस राह्यली. पाणी नाही. वरच्या वाफ्यांतली भाजी आम्ही घागरीनं जगवली. टोकाच्या वाफ्यांकडं कोण पाहते? अन हीच माही चूक. माह्या साऱ्या आखणीत पुसणं कुठं लिहिलंच नव्हतं. पुसायचं काम पाण्याचं. पाणी आलं नाही, ऊन आलं. गाळाची साय वाळून कडक झाली, अक्षरं भाजलेल्या विटेवर कोरावी तशी पक्की झाली.

गोदीची माय देशमुखाच्या घरी दळण दळे. गोदीनं लिहिलं होतं, 'माह्या मायच्या हाताले फोड आला. देशमुखीणबाई म्हणते पीठ जाडं आलं. आज भाकर नाही.'

अन शेजारच्या वाफ्यात यमी नावाच्या पोरीनं, कायद्याप्रमाणं, जबाब लिहिला होता. 'मंग माय काय जेवली?'

तिसरा वाफा रिकामा होता. गोदीचा जबाब अजून यायचा होता.

देशमुखाचा गडी वांगे न्यायले आला होता. त्याले वाचता येत नव्हतं, पण मातीत अक्षरं पाहून त्यानं जाऊन सांगतलं. दिवस कलायच्या वेळी देशमुख आला. आता पोट सुटलेलं, हातात काठी. मागं गुरुजी. पोरी वाफ्यांपाशीच होत्या, माही सासू विहिरीजवळ. देशमुख सरळ वाफ्यांतून चालत आला.

सासू ओरडली, "मालक, जोडे! कांद्याचं रोप हाये ते, सतरंजी नाही!"

त्यानं ऐकलं नाही. टोकाच्या वाफ्यापाशी थांबला. काठीचं टोक एकेका अक्षराखाली ठेवून वाचायले लागला. अडखळत. 'मा-ह्या मा-य-च्या.' सुमे, तो माणूस वाचतानाही घाम गाळत होता. साऱ्या गावाचं लिहिणं त्याच्या ओसरीवर, अन त्याले स्वतःले एका गोदीची तीन वाक्यं धड वाचता येईनात. यमीचा वाफा तं त्यानं दोनदा वाचला.

मग मले म्हणाला, "पुस."

मी उभी.

"ऐकू नाही आलं? पोरींसमोर हातानं पुस. अन उद्यापासून आधीसारखं वाचन शिकव, मी काही बोलणार नाही. झालं गेलं माफ. नाही पुसलं तं उद्या वर्गाले कुलूप."

गुरुजी माह्या कानाजवळ आले. "बाई, माती तं आहे. पुसून टाका. अकरा पोरींचं नुकसान काहून करता?"

खोटं कायले सांगू, मी थांबली. माह्या मनात हिशेब चालला. एकीकडं तीन वाक्यं, मातीतली, उद्या-परवा मोट आली की जाणारच. दुसरीकडं अकरा पोरींची शाळा. कोणीही म्हटलं असतं पुस. शहाण्या माणसानं पुसलं असतं. मी गोदीकडं पाह्यलं. ती रडत नव्हती. ती माह्या हाताकडं पाहत होती, की हा हात आता काय करते. बाकीच्या दहाही जणी माह्या हाताकडंच पाहत होत्या.

मी पुसलं असतं तं त्या दिवशी त्यांचा खरा धडा तोच झाला असता. की बाई, लिहायचं, पण मोठा माणूस आला की पुसायचं.

"मी नाही पुसत," मी म्हटलं.

"काय म्हणाली?"

"ज्यानं वाचलं त्यानं जबाब लिहायचा, असा या वर्गाचा कायदा आहे. तुमी वाचलं. दोनदा वाचलं. तिसरा वाफा रिकामा आहे. लिहा, गोदीची माय काय जेवली ते."

मी 'मालक' म्हटलं नाही. ते माह्या ध्यानात मागून आलं. त्याच्या ध्यानात तेव्हाच आलं.

मग तो दोन्ही वाफ्यांवर चढला. जोड्यासकट. टाचा आपटून आपटून चालला, बैल खळ्यात फिरावा तसा. पंधरा-वीस पावलं. माती कडक होती, लवकर मोडेना. एवढा मोठा गावचा धनी, अन दोन पोरींच्या अक्षरांवर नाचून राह्यला, दमून राह्यला. मले त्याच्या भीतीचा इतका तिटकारा आला की माही भीती कुठं गेली समजलंच नाही. गुरुजी मान खाली घालून उभे होते. पहिल्यांदाच हलत नव्हती.

सासू जवळ आली, त्याच्याकडं पाहत म्हणाली, "झालं का? आता वरच्या वाफ्यातूनही जाऊन घ्या, ढेकळं फुटतीन. बैल मले दोनच हायेत."

तो गेला. सकाळी वर्गाले कुलूप होतं. गुरुजींनी स्वतः लावलं, अन मले पाहून म्हणाले, "माह्या हातात काही नाही, बाई." मी म्हटलं, "चावी आहे ना." ते गेले.

आता तुले वाटन की आत्या जिंकली. नाही. गोदीच्या मायचं दळणाचं काम त्याच दिवशी गेलं. ती माह्या दारात आली अन अख्ख्या आळीले ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. "तुह्या लिहिन्यानं माही भाकर गेली, रांडे." मी ऐकून घेतलं. तिचं बरोबर होतं. मग दम लागल्यावर ती म्हणाली, "काय लिहिलं होतं वं माह्या पोरीनं?" मी सांगतलं. यमीनं काय विचारलं तेही सांगतलं. ऐकून ती आली तशी गेली. आठ दिवसांनी पोरीले घेऊन किन्हीराजा गावाकडं कोणाच्या तरी शेतावर निघून गेली. गोदी पुढं लिहीत राह्यली की नाही, मले माहीत नाही. तिची चिठ्ठी कधी आली नाही. हा भार माहा आहे अन तो मी कोणाच्या डोक्यावर टाकत नाही.

मोट शिवून आली. दिवस कलल्यावर मी टोकाच्या वाफ्यांवर जाऊन बसली. अकरांपैकी चौघी आल्या. यमी त्यांच्यात होती. मी त्यांले सांगतलं, आता भिंत नाही, ओटा नाही, गुरुजी नाही. बरं झालं. वाचायचंही इथंच, लिहायचंही इथंच. सहावी पाळी राह्यली होती, ती पूर्ण केली. त्यानंतर दरवर्षी सहाही पाळ्या केल्या. कधी चौघी, कधी नऊ, एकदा तं एकच. देशमुख मेला, त्याचा पोरगा आला, त्यानंही निरोप धाडला की वाचन शिकवा, आम्ही पोथ्या देतो. मी पोथ्या परत केल्या.

तं सुमे, तुले मी एवढंच सांगते, अन हे मी आता बदलणार नाही. तुह्या वर्गात जे पोर सकाळी एक शब्द वाचन, ते त्याच दिवशी तो लिहीन, अन त्याचं लिहिलेलं दुसरं कोणी तरी वाचून जबाब देन. यात वेळ उरत नसन तं वाचन कमी कर. तपासणी करणारा साहेब रागावला तं रागावू दे. मुख्य मास्तर मान हलवीन, हलवू दे. लिहिणं शनिवारावर टाकणारा कोणीही असो, ओळखून ठेव, तो त्याच ओसरीवरचा माणूस आहे, फक्त त्याच्या हातात अडकित्ता नाही. त्याच्यापुढं मी अजूनही उभी राहीन. पाय दुखतात, पण उभं राहायले अजून येते.

अन लवकर ये. टांगा परत धाडून दे अन मुक्कामाले ये, चार दिवस तरी. यंदा सहा पोरी आहेत अन पाळी परवापासून लागते. सासू नाही आता, पाणी सोडायले हात कमी पडतात. ये बाई, उशीर नको करू.